लॉइड केसलरचं घट्ट पाऊच

"पाऊच घे, डॅड. पट्ट्याला लावायचं, नीट, चार लोकांसारखं. नाहीतर यंदा मी व्हर्जिलबरोबर उतरते."

डेल्लाने हे ओट्याला टेकून, वाटीतलं सिरिअल खाता खाता सांगितलं. लॉइड केसलरचा कॉफीचा मग तोंडापर्यंत गेला आणि तसाच खाली आला. व्हर्जिल म्हणजे व्हर्जिल स्टॅम, गावातला दातांचा डॉक्टर. लॉइडच्या बायकोने लॉइडला सोडलं आणि या डॉक्टरशी लग्न केलं. त्याबद्दल लॉइडला फारसा राग नव्हता, तिला जायचंच होतं. पण ऑगस्टमधला जोडीचा रायफल-सामना हा त्याचा होता. वर्षातून एक दिवस तो आणि त्याची पोर, दोन रायफली आणि दोघांत एक घड्याळ. त्यात पुढच्या महिन्यात डेल्ला कॉलेजसाठी लिंकनला जाणार होती. तेवढा एक दिवससुद्धा त्या स्वच्छ नखांच्या माणसाला द्यायचा म्हणजे हद्द झाली.

"मॅगझिन एकदाच तर पडलं होतं," लॉइड म्हणाला.

"एकदाच पडलं. आणि दिवसभर आपण दोघं पाट्या रंगवत बसलो. माझ्या केसांतला पांढरा रंग शाळा सुरू झाली तरी निघाला नव्हता. पोरं मला आजी म्हणत होती, डॅड."

लॉइड तोवर मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेली ती लांबट डबी, जीन्सच्या मागच्या खिशात खोचून धावायचा. गेल्या वर्षी धावताना ते पडलं. लॉइड ते उचलायला मागे वळला आणि त्याच्याबरोबर हातातली रायफलही वळली. नळी कायम समोरच्या टेकडीकडे राहिली पाहिजे, हा नेमबाजीच्या रेंजवरचा असा नियम आहे की तिथे पाद्र्याचाही वशिला चालत नाही. जोडीतला एक बाद झाला की जोडी बाद. आणि या क्लबात बाद झालेल्याला घरी जाण्याची सोय नाही. त्याने बंदूक पिशवीत घालायची, पांढऱ्या रंगाचा फवारा हातात घ्यायचा, आणि इतरांनी गोळ्या मारून काळवंडवलेल्या लोखंडी पाट्या संध्याकाळपर्यंत रंगवायच्या. शिक्षा म्हणून नव्हे, म्हणे. मदत म्हणून. जगातल्या बहुतेक शिक्षांना असंच कुठलं तरी गोड नाव असतं.

"घेतो," लॉइड म्हणाला.

गावात मासे पकडण्याचा गळ, गुरांचं औषध, बूट आणि बंदुकीचं सामान हे सगळं एकाच दुकानात मिळायचं. दुकान कॉय रँकिनचं. मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत पाऊचं टांगलेली होती. लॉइडने डोक्यावरची टोपी काढली. आयुष्यभर त्याने शेतातल्या पाणी देणाऱ्या लांबलचक फिरत्या यंत्रांची दुरुस्ती केली होती, मैलभर पसरलेली लोखंडं एकट्याने सरळ केली होती. पण एक डबी कमरेला लटकवायची तर माणूस इतक्या तऱ्हांनी विचार करू शकतो, हे बघून तो खरोखर दिपला. चर्चमध्येही तो इतका गप्प उभा राहत नसे.

आणि दिपवण्यासाठीच ती भिंत होती. कमरेला काय लटकवावं हे सांगून जगणाऱ्यांचा एक वर्गच तिकडे पोसला गेला आहे. फाटकापर्यंत चालल्यावर ज्यांना धाप लागते, ते तुम्हाला डोळ्याचं पातं लवायच्या आत मॅगझिन कसं उपसावं ते सांगतात. आणि आपण टोपी काढून ऐकतो.

"हे कातडी," कॉय म्हणाला. "दिसायला देखणं. पण घामाने आखडतं. मग मॅगझिन आत आणि तू बाहेर."

"नको."

"हे कापडी. इलॅस्टिकचं. आवाज होत नाही."

"इलॅस्टिकचं पुढे काय होतं ते माझ्या मोज्यांना विचार."

"बरं. मग हे लोहचुंबकाचं. नुसतं टेकवलं की चिकटतं."

लॉइड बघायला वाकला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातले दोन वॉशर उडून त्या पाऊचला चिकटले. मागोमाग किल्ल्यांचा जुडगा. कॉयने ते पाऊच परत खिळ्याला लावलं, किल्ल्यांसकट, आणि मग किल्ल्या सोडवून दिल्या.

"मग तुला हे," तो म्हणाला.

ते काळ्या कडक प्लॅस्टिकचं होतं. वरून उघडं, मॅगझिनचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर. आणि बाजूला दोन स्क्रू. आवळले की पाऊच मॅगझिनला घट्ट धरतं, सैल केले की सोडतं. लॉइडच्या चेहऱ्यावर दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदा तेज आलं. स्क्रू. स्क्रूला खोटं बोलता येत नाही.

"घालून बघ. उडी मार. आता खाली बस. आता गांधीलमाशी मागे लागल्यासारखा पळ."

लॉइड पळाला. गळांच्या रांगेतून, गुरांच्या औषधांना वळसा घालून, बुटांपाशी एका बाईची माफी मागून परत आला. मॅगझिन हललं नव्हतं. त्याने दोन पाऊचं घेतली आणि त्याबरोबर लागणारा तो दुहेरी पट्टाही. एक पट्टा पँटच्या लूपांतून घालायचा, त्यावर पाऊचांचा दुसरा, आणि दोघांना धरून ठेवायला मध्ये वेल्क्रो.

"वेल्क्रो धरतं ना?" लॉइडने विचारलं.

"माणूस सुटेल, पट्टा सुटणार नाही," कॉय म्हणाला. गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत खरं ठरावं, एवढीच दुकानदाराच्या बोलण्याकडून अपेक्षा ठेवावी.

शुक्रवारी लॉइड डेल्लाला आणायला तिच्या आईकडे गेला. व्हर्जिलच्या गॅरेजचं दार वर होतं. आत भिंतीला एकच खुंटी, तिच्यावर व्हर्जिलचा पट्टा. तीन पाऊचं, तिन्ही एकाच कोनात झुकलेली, जणू त्याच्या दवाखान्यातली हत्यारं. खाली डेल्ला उभी होती, रिकामी रायफल खांद्याला, नळी मागच्या भिंतीकडे.

"बघ, डॅड."

तिने रिकामं मॅगझिन सोडलं. ते खाली ठेवलेल्या गादीवर पडायच्या आत तिचा हात कमरेकडे गेला असणार, कारण दुसरं मॅगझिन रायफलीत बसल्याचा आवाज आला. हात गेलेला मात्र कुणाला दिसला नाही. लॉइडला आपल्या पोरीने सायकलवर पहिला तोल सावरला तो दिवस आठवला. तेव्हाही तो असाच तोंड उघडं टाकून उभा होता, आणि ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली होती.

"कोणी शिकवलं?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

व्हर्जिल चष्मा पुसत होता. "तिचीच मेहनत. मी आपला बाजूला उभा असतो." मग त्याची नजर लॉइडच्या पट्ट्याकडे गेली. "नवा? चांगला आहे. फक्त एक सांगू का, लॉइड, मॅगझिन उलटं ठेव. रायफलीत जाणारं तोंड खाली, गोळ्यांची टोकं पुढे. म्हणजे हाताला थेट बूड लागतं, आणि मनगट वळवावं लागत नाही."

सल्ला बरोबर होता. तो बरोबर होता हेच लॉइडला सहन झालं नाही. बरोबर माणसाने आपल्या बायकोशी लग्न केलं की त्याचं बरोबर असणं फार टोचतं.

"माझ्याकडे ज्याला तोंड आहे त्याचं तोंड वर राहतं," तो म्हणाला. "ग्रीसची बाटली, थर्मास, मॅगझिन. सगळं."

"डॅड, कचरा जातो त्यात."

"कचरा सगळीकडे जातो. चल."

शनिवारी सकाळी रेंजवर माळाच्या कडेपर्यंत गाड्या लागल्या होत्या. मक्याच्या शेतांवरून वारा येत होता. शेडमध्ये मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि शेजारी ट्रेमध्ये दालचिनीचे रोल, कारण तिथे चिलीबरोबर दालचिनीचा रोल खातात. ज्याला हे विचित्र वाटतं त्याने बाहेर जाऊन खावं. लॉइडने गाडीमागचं फळकूट खाली पाडलं, पट्टा त्यावर ठेवला, खिशातली एलन-की काढली आणि स्क्रूला अर्धा फेरा दिला. खात्रीला. मग त्याला गेलं वर्ष आठवलं, आणि त्याने आणखी थोडासा दिला.

"केसलर," मागून आवाज आला. नॅडीन ओस्बर्न, रेंजची पंच. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. "यंदा तुला रंगाचे डबे पुरवायला मला लावू नकोस. कंबर दुखते माझी."

"यंदा काही पडणार नाही, मॅडम."

"पडलं तरी वळू नकोस. पडलेल्याला पडू दे. आणि हे काय, मॅगझिनं सुलटी?" तिने त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "जाऊ दे. तोंड वर ठेवू नये असा नियम नाही. नाहीतर अर्धा क्लब बाद झाला असता."

पट्टा फळकुटावरच राहिला आणि सगळे मैदान बघायला गेले. गवताच्या गाठींचा एक आडोसा, त्यापुढे जवळच्या पाट्या. तिथून उजवीकडे पळायचं, मोडक्या ट्रॅक्टरच्या टायरापाशी थांबायचं, तिथे नवं मॅगझिन घालायचं आणि लांबच्या पाट्या पाडायच्या. दोघांच्या सगळ्या पाट्या पडल्या की घड्याळ थांबणार. लॉइड पावलं मोजत असताना डेल्ला कानातले बोळे विसरली म्हणून गाडीकडे गेली आणि परत आली. व्हर्जिल या फेरीत नव्हता. तो गाड्यांच्या बाजूला चष्मा पुसत उभा होता.

त्यांची पाळी आली. लॉइडने पट्टा चढवला.

"डॅड," डेल्ला हळूच म्हणाली, "पळताना माझ्याकडे बघू नकोस. पाट्यांकडे बघ."

"तू काय बघतेस मग?"

"मीही पाट्यांकडेच. पण मला कळतं."

नॅडीनचं घड्याळ वाजलं. लॉइडच्या जवळच्या पाट्या एकामागून एक टणटणत पडल्या. बंदुका सुरू झाल्या की माळावरचं बाकी सगळं लांब जातं, आणि सगळ्याचं हे असं सुटसुटीत होणं लॉइडला दर वर्षी नवं वाटायचं. रायफल रिकामी झाली. तो पळाला, नळी टेकडीकडे, बोट खटक्याबाहेर. कमरेला मॅगझिनं अशी बसली होती की जणू त्याच्या हाडांतून उगवली होती. तो धावता धावता हसला. टायरापाशी पोचला, रिकामं मॅगझिन सोडलं, हात कमरेला नेला आणि ओढलं.

आलं नाही.

पुन्हा ओढलं. कंबर हातामागे गेली, मॅगझिन जागेवर. त्याने दुसऱ्या पाऊचला हात घातला. तेही तसंच, आधीच्यापेक्षा हट्टी. शेजारून डेल्लाच्या पाट्या पडत होत्या, टण, टण, टण, आणि मग आवाज थांबला. तिचं काम संपलं होतं. आता सगळ्या माळावर फक्त घड्याळ चालू होतं आणि एक मध्यमवयीन माणूस स्वतःच्या कमरेशी कुस्ती खेळत होता.

"ओढ ना रे!" मागून कोणीतरी ओरडलं. कोणीतरी हसलं. लॉइडला डोळ्यासमोर पांढरा रंग दिसला, पुढच्या ऑगस्टला खुंटीवरचा तो नीटनेटका पट्टा दिसला, आणि त्याने मैलभर लोखंड सरळ करणारा तो हात होती नव्हती तेवढी ताकद लावून वर खेचला.

खर्रर्र असा आवाज झाला. कापडाचं दुकान एका दमात फाटावं तसा. कॉयचं वेल्क्रो सुटलं. पाऊच, पट्टा, दुसरं पाऊच, त्यातलं दुसरं मॅगझिन, सगळी वरात लॉइडच्या हातात आली. आतल्या पट्ट्याने पँट तेवढी जागेवर धरून ठेवली, हे देवाचे उपकार.

इथे व्हर्जिल असता, किंवा भिंतीवरून शिकलेला कुठलाही शहाणा असता, तर त्याच्या हातात मॅगझिनचं बूड आलं असतं आणि तोंड पाऊचच्या पोटात अडकलं असतं. सामना तिथेच संपला असता. पण लॉइडच्या मॅगझिनचं तोंड वर होतं. उघडं, स्वच्छ, गोळी दाखवत. लॉइडने विचार केला नाही. विचार करायला वेळ लागतो. त्याने ते मॅगझिन, पाऊच आणि पट्ट्यासकट, रायफलीत खालून ठोकलं.

खट्.

बसलं.

त्याने खीळ ओढून गोळी आत घेतली आणि रायफल खांद्याला लावली. रायफलीखाली पाऊच, पाऊचखाली पट्टा, पट्ट्याच्या टोकाला दुसरं पाऊच, वाऱ्यावर हलत, गुडघ्यावर आपटत. पहिली पाटी पडली. मागचं हसू बंद झालं. दुसरी पडली. पट्टा घड्याळाच्या लंबकासारखा झुलत होता, आणि लॉइड दोन झोक्यांच्या मधल्या स्तब्ध क्षणात गोळी सोडत होता, हे बघणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं. चिलीच्या पातेल्यापाशी वाढणाऱ्याचा डाव हवेत थांबला होता. शेवटची पाटी लांब होती, टेकडीच्या पायथ्याशी. लॉइड थांबला. पट्टा एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. टण.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा वेळी टाळ्या सुचत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या नॅडीनने घड्याळाकडे बघायच्या ऐवजी लॉइडकडे बघितलं, आणि तिला तिचं रोजचं वाक्य आठवायला वेळ लागला.

"रिकामी कर," ती म्हणाली. "आणि दाखव."

लॉइडने कळ दाबली. मॅगझिन, पाऊच, पट्टा, सगळं धपकन जमिनीवर पडलं. नॅडीनने रिकाम्या रायफलीत वाकून पाहिलं. मग त्या ढिगाकडे पाहिलं.

"बंदुकीला पट्टा लटकवू नये असा नियम आहे का?" तिने मागच्या मंडळींना विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "नळी?"

"टेकडीकडेच होती," डेल्ला म्हणाली. तिचा आवाज वेगळाच येत होता. "सगळा वेळ. मी बघितलं."

"तू पाट्यांकडे बघत होतीस ना?" लॉइड म्हणाला.

"गप, डॅड."

जोडी बाद ठरली नाही. वेळ फार चांगली नव्हती, मधल्या कुस्तीत सगळं गेलं होतं, यादीत त्यांचं नाव खालच्या बाजूला लागलं. पण चिलीच्या रांगेत लॉइडसाठी लोक बाजूला सरकले. दोघातिघांनी दबक्या आवाजात विचारलं, ते पट्टा सोडवून लावायचं कसं शिकलास. वजनाने नळी उसळत नसेल, नाही का. एकाने पाऊच कुठलं ते विचारलं. कॉय रँकिन शेडमध्ये दालचिनीचा रोल खात बसला होता. त्याने तो खाली ठेवून सांगितलं की ते पाऊच आपण मुद्दाम लॉइडसाठी निवडलं होतं. पाट्या पडल्या की माणसांना चूक दिसत नाही.

दुपारी लॉइड गाडीच्या फळकुटावर बसून मॅगझिन बाहेर काढायला बघत होता. येत नव्हतं. व्हर्जिल आला, काही न विचारता पाऊच धरलं, आणि दोघं दोन टोकांना ओढू लागले. लॉइडने पाय चाकाला लावला, व्हर्जिलने कमरेतून मागे झोक दिला. बाजूने जाणाऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या.

"स्क्रू सैल कर आधी," डेल्ला म्हणाली.

लॉइडने एलन-की लावली. की फिरेना. त्याने वाकून बघितलं. स्क्रू तळाला टेकला होता, आणखी एक केसभर आवळला असता तर प्लॅस्टिक फुटलं असतं.

"मी सकाळी अर्धाच फेरा दिला होता," तो म्हणाला. "आणि वर थोडासा."

डेल्लाने रोलचा तुकडा तोंडात टाकला. "मीही दिला. बोळे आणायला गेले तेव्हा. मला वाटलं, पुन्हा पडलं तर तू वळशील."

हिशेब जुळेना म्हणून लॉइडने पुन्हा स्क्रूकडे बघितलं. पाइप जोडणाऱ्या माणसाला फेरे कळतात. दोघांचे मिळूनही इतके होत नव्हते.

व्हर्जिल चष्मा पुसू लागला. काच कालपासून स्वच्छच होती.

"तू?" लॉइड म्हणाला.

"अगदी थोडा," व्हर्जिल म्हणाला. "तुम्ही मैदानात होतात. मला ते जरा सैल वाटलं."

मॅगझिन पडलं असतं, तर पुढच्या वर्षी डेल्ला कोणाबरोबर उतरली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं. पडू नये म्हणून हा माणूस चोरासारखा त्याच्या गाडीपाशी आला होता. शिव्या द्यायला इतकं चांगलं गिऱ्हाईक हातातून जात होतं, आणि लॉइडला काही करता येत नव्हतं.

"दातांच्या डॉक्टरचं थोडं," तो शेवटी म्हणाला, "मला माहीत आहे. थोडं दुखेल म्हणता तुम्ही."

"दे इकडे," व्हर्जिल म्हणाला.

त्याने बाह्या सारल्या, पाऊच मांडीत धरलं, मॅगझिनला आधी आत दाबलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि ओढलं असं वाटायच्या आत ते त्याच्या हातात होतं, मुळासकट. त्याने सवयीने ते उजेडात धरून बघितलं आणि लॉइडला दिलं.

लॉइडने एलन-की घेतली. ताण गेल्यावर स्क्रू फिरले; ते मोकळे केले. मग मॅगझिन पाऊचमध्ये घातलं, तोंड खाली. कोणाकडे बघितलं नाही.

"गोळ्या पुढे," व्हर्जिल हळूच म्हणाला.

लॉइडने ते काढलं, फिरवलं आणि परत घातलं.